पंडुमाआधीची कैरी

मी गेले होते ती भाचीला परत आणायला. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढं तुम्ही म्हणाल, आक्का जंगल बघायला गेली होती नि उगाच मोठं कारण सांगते.

माझी धाकटी बहीण शैला कऱ्हाडात आमच्या शेजारच्याच आळीत राहते. तिची केतकी पुण्यात एका कंपनीत होती. गारेगार कचेरी, न्यायला-आणायला गाडी. दोन वर्षांपूर्वी ती हे सगळं सोडून गडचिरोलीला गेली. तिथं काय करते असं कुणी विचारलं की शैला "समाजकार्य" एवढंच म्हणायची, नि म्हणताना कारलं चावल्यासारखं तोंड करायची. केतकीचं म्हणणं वेगळं. ती म्हणे, मी धंदाच करते. गावकऱ्यांनी जंगलातून गोळा केलेली मोहाची फुलं नि चारोळी घ्यायची, नीट करायची, शहरात विकायची. फक्त धंदा असा, की गावाचंही भागलं पाहिजे नि पुढच्या वर्षी जंगलात काही कमी दिसता कामा नये.

यंदा चैत्रात तिला मुंबईहून एका मोठ्या कंपनीनं बोलावलं. समाजासाठी पैसा खर्च करतात ना या कंपन्या, त्या खात्यात नोकरी. होय की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. शैलाचे गुडघे प्रवासाचे नाहीत, म्हणून मला धाडलं. केतकीला फोन केला तर तीच म्हणाली, "मावशी, ये तू. शनिवारी गावाची ग्रामसभा आहे. त्यांनी यंदाची चारोळी मला द्यायची ठरवली तर मी राहीन. नाही म्हणाले तर तुझ्याबरोबर येते, आईला काही समजवायला नको." मोह तिला मागच्या वर्षापासून मिळत होता, पण खरा धंदा उभा राहायचा तो चारोळीवर. म्हणजे सगळं शनिवारवर आलं होतं.

चंद्रपूर

स्टेशनवर केतकी घ्यायला आली होती. रापलेली, वाळलेली, पण हसणं तेच. सकाळी नऊला असं ऊन, की आपल्याकडं वैशाखात दुपारी बारालाही नसतं. ती जिथं उतरते त्या खोलीवर आंघोळ केली, पांढरं लुगडं पिळून गच्चीत वाळत टाकलं. पंधरा मिनिटांत वाळलं म्हणून मी खूश. हातात घेतलं तर त्यावर तीळ पेरल्यासारखे काळे ठिपके. घरमालकीण खालून बघत होती. म्हणाली, "कोयशाचं गाव हाये, बाई. पांढरं लुगडं वाळू घालायचं तं घरात घाला." पुढचे सगळे दिवस मी हिरवंच नेसले.

दुपारी त्या घरमालकिणीनंच वडाभात वाढला. डाळींचे वडे गरम भातावर कुस्करायचे नि त्यावर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी ओतायची. आपल्याकडं फोडणी भाजीत जाते, इथं ती पंगतीत वाढतात. मला फार आवडला. जेवताना मी केतकीजवळ विषय काढला. म्हटलं, पोरी, चांगलं काम तर मुंबईच्या कंपनीतही करता येईल. तिथं पगारही मिळेल नि पुण्यही.

ती म्हणाली, तिथं मी दुसऱ्यांच्या कामाचे फोटो बघून पैसे वाटणार. मग तिनं आपलं काम मला समजावलं. बरेच इंग्रजी शब्द होते, ते माझ्या डोक्यावरून गेले. शेवटी मीच म्हटलं, म्हणजे विरजणासारखं का? दही खायचं, पण उद्यासाठी चमचाभर मागं ठेवायचं? ती घास हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "मावशी, हे मी दोन वर्षं लोकांना सांगायचा प्रयत्न करतेय." मला बरं वाटलं, पण मी आले होते कशाला नि बोलत होते काय.

सावली

मूल गावावरून पुढं सावलीला गेलो. भाताची खाचरं मोकळी पडलेली, मध्येच तळी, त्यांत गुडघाभर पाणी नि त्यात म्हशी. इथं देवराव भाऊंची भातगिरणी आहे. धानाचा हंगाम संपला की गिरणी रिकामी असते, म्हणून तिच्या मागच्या छपरात केतकीनं चारोळी फोडायचं यंत्र बसवलंय. चारोळी म्हणजे आपण श्रीखंडावर टाकतो ती. मला इतकी वर्षं वाटायचं ती दाणा म्हणूनच झाडाला लागते. तसं नाही. झाडाला चाराची जांभळट काळी फळं लागतात, गोड असतात. आत टणक गुठळी, नि ती फोडली की चारोळी.

देवराव भाऊ साठीचे, पोट सुटलेले, बोलायला मोकळे. मी केतकीची मावशी म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुसून दिली नि पाच मिनिटांत माझ्या येण्याचं कारण ओळखलं.

"नेऊन राह्यल्या काय पोरीले?"

मी म्हटलं, बघू.

मग ते केतकीसमोरच तिच्या फजित्या सांगत बसले. "पयल्या साली इनं मोहाचे लाडू केले, बाई. मुंबईले पाठवले. आठ दिवसानं फोन आला, लाडवाले दाढी आली म्हणे." बुरशी आली होती. केतकीनं तोंड लपवलं. मग म्हणे, यंत्र आणलं ते गुठळी नि दाणा दोन्हींचं पीठ करायचं. ही पोरगी तीन आठवडे त्याच्याखाली झोपून पाना फिरवत होती. त्यांच्या बायकोनं आतून जोड दिली, की तेव्हा हिला न्हाऊ घालायला एक साबण पुरत नव्हता.

निघताना भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, रोवण्याच्या वक्ताले एखादी पोट्टी चिखलात पडते, पण हातची पऱ्ह्याची पेंडी सोडत नाई. तशी हाये ही. नेता तं न्या, पण मंग यंत्राले कोण समजावन?"

रोवणा म्हणजे लावणी, पऱ्हे म्हणजे भाताची रोपं. गाडीत बसल्यावर मी त्यावर बराच वेळ विचार केला.

टोला

वैनगंगा ओलांडली, गडचिरोली मागं टाकली, धानोऱ्याच्या पुढं डांबर संपलं नि जंगल सुरू झालं. गावाचं नाव मी लिहीत नाही, टोला, म्हणजे वाडी, म्हणू या. तीसेक घरं, सगळी गोंडांची. अंगणं अशी सारवलेली की पायातली चप्पल मी वेशीपासूनच हातात घ्यावी असं वाटलं.

आम्ही उतरलो मंगरीबाईंकडं. त्या साधारण माझ्याच वयाच्या, काटक, कानांत भरपूर बाळ्या. त्यांचे मालक बिरसू हे गावाचे गायता. गायता म्हणजे गावाच्या देवाचं, पेरणीचं, सणांचं सगळं जो बघतो तो. बोलणं कमी, पण डोळे मिश्किल. जेवायला भात, अंबाडीची भाजी नि एक लालसर चटणी होती. चटणी आंबट-तिखट, झकास. मी दोनदा मागून घेतली आणि विचारलं, लिंबू कुठलं पिळता? मंगरीबाईंनी झाडाकडं बोट केलं. झाडावर पानांचं घरटं, त्यात लाल मुंग्या. माझा घास तोंडातच राहिला. बिरसू भाऊ म्हणाले, "आता कायले थांबल्या? पयली वाटी तं सर्दी न्यायले पुरे, दुसरीनं खोकला जाईन." मी गिळला घास. खरंच सांगते, चव चांगलीच आहे.

संध्याकाळी केतकीनं मला चाराची झाडं दाखवली. फळं अजून हिरवी होती. म्हणाली, अडचण हीच आहे. व्यापाऱ्यांच्या गाड्या आतापासूनच रस्त्यावर येऊन थांबतात, कच्ची फळंही घेतात. मी नाही तोडली तर शेजारचा तोडेल, या भीतीनं माणसं फांद्याच कापून नेतात. पलीकडच्या गावात चाराची झाडं आता खुंटासारखी उभी आहेत. तिनं टोल्यापुढं मांडलं होतं असं : ठरलेल्या दिवसाआधी कुणी तोडायचं नाही, फांदी कापायची नाही, शेंड्याची फळं पाखरांना नि बियाण्याला सोडायची. पिकलेला चार तेवढा ती घेणार. याचा करारनामा ती धानोऱ्याहून छापून आणणार होती.

शुक्रवारची डाळ

शुक्रवारी पहाटे मंगरीबाईंबरोबर मोह वेचायला गेले. मोसम सरत आला होता, तरी झाडाखाली फुलं टपटप पडत होती. एक माझ्या कपाळावर पडलं. पूर्वी म्हणे झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करायचे, म्हणजे फुलं दिसतात. त्यात वणवा लागायचा. केतकीनं सुचवलं म्हणून आता खाली जाळ्या बांधतात. मंगरीबाई म्हणाल्या, पहिल्या वर्षी त्यांनी तिच्या जाळीला, झाडाखाली मासे धरते म्हणून, नावं ठेवली. आता जाळी नसेल तर कंबर दुखते.

सकाळी केतकी कागद आणायला धानोऱ्याला गेली, मंगरीबाई मोह वाळत घालायला गेल्या, नि मी घरात एकटी. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आंब्याचं मोठं झाड होतं. खाली कैऱ्या पडलेल्या, हातात धरली की नख जाईल इतक्या कोवळ्या. आता बघा, चैत्र महिना, समोर कैरी नि माझ्या पिशवीत चंद्रपूरला घेतलेली हरभऱ्याची डाळ. आपल्याकडं चैत्रात बायकांना घरी बोलावून आंब्याची डाळ नि पन्हं देतात. माझ्या मनात आलं, उद्या या सगळ्या बायका ग्रामसभेत बसणार. त्यांना आज बोलावलं, गोड बोललं, तर केतकीचं काम सोपं होईल. मी तिला न्यायला आले होते हे त्या वेळी पार विसरले. पडलेल्या वेचल्या, दहा-बारा काठीनं पाडल्या. डाळ भिजवली, पाट्यावर वाटली, कैरी किसली, वर मोहरीची फोडणी. उरलेल्यांचं गूळ घालून पन्हं केलं.

चार वाजता मंगरीबाईंना म्हटलं, बायकांना बोलवा. पंधरा-सोळा आल्या. सारवलेल्या अंगणात ओळीनं बसल्या. मी पळसाच्या द्रोणांत डाळ वाढली, पेल्यांत पन्हं ओतलं, नि म्हटलं, घ्या.

कुणी घेतलं नाही. एकमेकींकडं बघितलं, द्रोणाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, लाजतात. मी आणखी दोनदा आग्रह केला, एकीच्या हातात पेला दिला तर तिनं तो अलगद खाली ठेवला. शेवटी मंगरीबाई माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाल्या, "बाई, आमी नाई खात. अजून मरका पंडुम नाई झाला."

मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण. गावानं एकत्र येऊन नवा आंबा देवाला दिल्याशिवाय या लोकांत कुणी कैरीला हात लावत नाही. पोरंसुद्धा नाही. मघाशी झाडाखाली इतक्या कैऱ्या पडलेल्या होत्या, नि गावात इतकी पोरं होती, तरी एकही उचललेली नव्हती, हे माझ्या तेव्हा ध्यानातच आलं नाही. आमच्या आळीत ते झाड असतं तर पानंसुद्धा राहिली नसती.

त्या बायकांचा मोठेपणा बघा. उठून गेल्या नाहीत. साधं पाणी मागितलं, ते प्यायल्या, माझ्या मुलाबाळांची चौकशी केली, नि अर्ध्या तासानं गेल्या. सोळा द्रोण तसेच ओळीनं भरलेले राहिले.

केतकी आली तेव्हा मी त्या द्रोणांसमोर बसले होते. तिनं द्रोण बघितले नि पायरीवर टेकली. मी म्हटलं, रागाव मला. ती म्हणाली, "तुला सगळं सांगितलं, मुंग्यांचंसुद्धा. हेच सांगायचं राहिलं." मग द्रोण उचलता उचलता म्हणाली, "उद्या ते विचारतील, हिच्या घरच्या माणसाला चार दिवस थांबता येत नाही, हिची गिऱ्हाइकं काय थांबणार?"

खोटं कशाला बोलू, एक क्षण माझ्या मनात आलं, की झालं काम, आता ही आपसूक माझ्याबरोबर येईल. आलं नि लगेच स्वतःची शरम वाटली. मी तिला म्हटलं, उद्या मीच उभी राहून सांगते.

शनिवार

ग्रामसभा मोहाच्या झाडाखाली भरली, ऊन चढायच्या आत. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, सगळे जमिनीवर. बिरसू भाऊ मध्ये, पण उंचावर नाहीत.

मी उठले. सगळं सांगितलं. पडलेल्या वेचल्या, पाडल्याही, विचारलं नाही, चूक झाली.

बायकांतून कुणीतरी विचारलं, "बाईनं खाल्ली काय?"

नाही, मी म्हटलं. मग आठवलं. इतकी वर्षं स्वयंपाक करतेय, मीठ बघितल्याशिवाय मी काही खाली उतरवत नाही. म्हटलं, "मिठापुरती चाखली."

आधी मंगरीबाई हसल्या, मग सगळ्याच. बिरसू भाऊंनी हसू मिशीत दाबलं. "मिठापुरतं खाल्लं, तं दंड बी मिठापुरता. एक नारळ आणा, पंडुमाची जागा झाडा, अन् पंडुमापर्यंत थांबा. आंधी एकट्यानं खाल्लं, आता सगळ्यायसंग खा." मग त्यांनी विचारलं, तुमच्या इकडं असं काही नाही का, कवाबी काहीबी खाता?

मी म्हटलं, आहे की. तुळशीचं लग्न लागेपर्यंत आमची आई आवळा, चिंच, ऊस तोंडात घालू द्यायची नाही. आता मात्र बाजारात दिसलं की मी आणते.

"मंग तुळशीले काय सांगता?" मंगरीबाईंनी विचारलं. तुम्हाला उत्तर सुचलं तर कळवा.

बिरसू भाऊंनी खिशातून एक कैरी काढली, गायत्याला तेवढं चालतं. झाडाखाली पडलेली, मी राहू दिलेली. दगडानं फोडून मला दाखवली. कोय पांढरी, मऊ. म्हणाले, ही फेकली तर उगवत नाही. कोय कडक झाली की ते पंडुमाचा दिवस सांगतात. मग पाहिजे तेवढं खा, फेकलेल्यातून झाड येतंच. मी लहानपणापासून आंबे खाते, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात ते केतकीकडं वळले. तिचा करारनामा त्यांच्या मांडीवर होता.

"बाईले मालूम नव्हता. तुले तं मालूम होता. मंग कागदात तारीख काऊन लिवली?"

केतकीनं करारात चार तोडायची तारीख छापली होती, नि टोल्याच्या रितीनं चारही पंडुम झाल्यावरच तोडायचा. ती हळू आवाजात म्हणाली, नागपूरच्या मिठाईवाल्यानं मागितली. लग्नसराईसाठी त्याला अमुक दिवशी चारोळी पाहिजे. मी हिशेब धरून लिहिली, पंडुम तोवर होईलच असं वाटलं.

"तुले वाटला. झाडाले इचारला काय?" आवाज चढला नव्हता, तरी मला तो लागला. "रस्त्यावर गाड्या उभ्या हायेत, त्यायच्या खिशात बी तारीखच हाये. मंग तुझ्यात अन् त्यायच्यात फरक काय?"

केतकीनं पेन काढलं. ते म्हणाले, खोडणं सोपं आहे. आधी त्याला सांग, मग खोड.

टोल्यात फोन लागतो तो फक्त तळ्याच्या पाळीवर, त्याच आंब्याखाली. आम्ही सगळे इकडून बघत होतो. ती फोन कानाला लावून येरझारा घालत होती, मग थांबली, मग खाली बसली. परत आली तेव्हा चेहरा उतरलेला, पण बोलली सरळ. "त्यानं दुसरीकडून घेतो म्हटलं. गिऱ्हाईक गेलं." आणि सगळ्यांसमोर तारीख खोडून तिथं लिहिलं, पंडुम झाल्यावर, गायता सांगतील त्या दिवशी.

मग बाया उठून बाजूला जाऊन बसल्या. इथं रीतच तशी आहे. जंगलातून आणायचं काम बायांचं, म्हणून त्यांचं बोलणं वेगळं होतं. गोंडी बोलणं, मला एक अक्षर कळेना. मी नुसते चेहरे वाचत होते. मध्येच एकदा सगळ्या माझ्याकडं बघून हसल्या, ते मात्र कळलं.

परत आल्यावर मंगरीबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तळ्याकडच्या जंगलाचा चार यंदा केतकीला. डोंगराकडचा नाही, तो पुढच्या साली बघू. केतकी म्हणाली, पण आता विकणार कुणाला? गिऱ्हाईक तर गेलं.

मंगरीबाईंनी तिच्याकडं असं बघितलं, जसं मी भात करपवणाऱ्या सुनेकडं बघते. "गुठळी काय सडते, पोरी? फोडली तं खराब होते. नाई फोडली तं सालभर राह्यते. समाजमंदिराच्या खोलीत ठेव. दिवाळीले लोकं मिठाई खात नाई काय?"

केतकी दोन वर्षं यंत्र, कागद, गिऱ्हाईक यांमागं पळत होती. तिनं कपाळाला हात लावला नि हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली, मग पुन्हा हसायला. बिरसू भाऊ म्हणाले, हिले पाणी द्या कोणी.

थांबलेले दिवस

माझं परतीचं तिकीट रविवारचं होतं, ते गेलं. सोमवारी केतकी पाळीवर जाऊन मुंबईला नाही म्हणून सांगून आली. किती वेळ लागला म्हणाल? दोन मिनिटं. मी इकडं पंडुमाची जागा झाडत होते. दंड म्हणून सुरू केलं, पण तिसऱ्या दिवशी मला तिथला एकेक दगड ओळखीचा झाला. धानोऱ्याहून नारळही आणला. बिरसू भाऊ रोज सकाळी एक पडलेली कैरी फोडून बघायचे, मान हलवायचे, नि मीही त्यांच्यामागं उभी राहून मान हलवायचे.

बुधवारी दगडानं कोय फुटेना.

गुरुवारी पंडुम झाला. ढोल वाजले, घराघरातून आंबे नि तांदूळ आले, बिरसू भाऊंनी देवाशी आपल्या भाषेत खूप बोलून घेतलं. मग भाजलेल्या आंब्याचा गर पानावर वाढला. मीठ बघायला कुणी मला बोलावलं नाही, मीही गेले नाही. आंबट होता, धुरकट होता, नि गावातली पोरं इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं एकाच दुपारी वसूल करत होती.

पुढं चार पिकला, तोडायचा दिवस बिरसू भाऊंनी सांगितला. हो, तोवर मी तिथंच होते, आता विचारू नका. पहाटे सगळा टोला तळ्याकडच्या जंगलात गेला. कुणाच्या हातात कुऱ्हाड नव्हती. बाया शेंड्याची फळं सोडून खालची तोडत होत्या. केतकी टोपली कमरेला बांधून त्यांच्यात दिसेनाशी झाली. रस्त्यावर एक गाडी सकाळपासून उभी होती, दुपारी रिकामी गेली.

मी पाळीवरून शैलाला फोन केला. तिनं पहिलंच विचारलं, "कधी आणतेस तिला?"

म्हटलं, "शैले, ती येत नाही. तू ये."

ती चिडली, रडली, मग म्हणाली, माझ्या या गुडघ्यांनी मी जंगलात येऊन काय करू?

म्हटलं, बसून करायचंही पुष्कळ आहे. गुठळ्या निवडायला माणसं कमी पडताहेत.